पालोमिनो: ढाबळीतून टांकसाळीपर्यंत

शनिवारी सकाळी भरणाऱ्या आमच्या ऑनलाइन स्पॅनिशच्या वर्गात एक गृहस्थ आहेत. टेक्सासला भावाकडे काही दिवस राहून ते परतले होते आणि तिथल्या एका घोड्याचे छायाचित्र त्यांनी सर्वांना दाखवले. घोडा भर उन्हात उभा होता. अंग पिवळेधमक, जणू आत्ताच कुणी चिंचेने घासून पुसून ठेवलेले, आणि आयाळ व शेपूट मात्र पांढरीशुभ्र. नुकत्याच शिकलेल्या क्रियापदाचा आधार घेत ते स्पॅनिशमध्ये म्हणाले, "माझ्या भावाकडे एक पालोमिनो आहे." आमच्या शिक्षिका मूळच्या स्पेनमधल्या अंदालुसियाच्या. त्यांनी चटकन तोंडावर हात धरला, खांदे थोडे हलले, आणि मग चेहरा पुन्हा शिक्षिकेचा करून त्या म्हणाल्या, "मेक्सिकोत खुशाल म्हणा. माझ्या आईसमोर मात्र हे वाक्य असे म्हणू नका." एवढे बोलून त्या भूतकाळाच्या रूपांकडे वळल्या. गृहस्थ गोंधळून हसले, आम्हीही हसलो, आणि तास संपला. ते दाबलेले हसू मात्र माझ्या डोक्यातून जाईना. इतक्या देखण्या जनावराच्या नावात हसण्यासारखे काय असावे?

स्पेनच्या राजअकादमीच्या कोशात 'पालोमिनो' शोधला, तेव्हा पहिला अर्थ निघाला रानकबुतराचे पिल्लू. त्याच्याच खाली, बोलभाषेतला म्हणून, दुसरा अर्थ होता: आतल्या कपड्याला राहिलेला विष्ठेचा डाग. 'पालोमिना' म्हणजे कबुतरांची विष्ठा, आणि तिच्यावरून हा डाग, अशी ती साखळी दिसते. म्हणजे भावाकडे पालोमिनो आहे हे वाक्य माद्रिदच्या एखाद्या घरात उच्चारले, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घोडा येण्याआधी धुण्याची बादली येणार. शिक्षिकांच्या आईचे नाव मध्येच का आले, हे तेव्हा कळले.

कबुतराचे पिल्लू आपल्याकडच्या शहरी माणसाला नव्याने सांगायला नको. वातानुकूलन यंत्राच्या मागे, न्हाणीघराच्या खिडकीच्या कठड्यावर, बंद करायच्या राहिलेल्या प्रत्येक सांदीत ते असतेच. चार काटक्यांचे घरटे, त्याखाली वाळलेल्या विष्ठेचा पांढरा-हिरवट थर, आणि त्यावर बसलेला तो बेढब जीव: निळसर कातडी, अंगाच्या मानाने फार मोठी आणि मऊ चोच, आणि सगळीकडून बाहेर आलेली विरळ पिवळी लव. त्या वासासकट त्याच्याकडे पाहिले असता सौंदर्याचा विचार मनात येत नाही. तरीही मी एकदा घराच्या खिडकीतल्या अशा पिल्लाकडे बराच वेळ पाहत उभी राहिले, ती केवळ त्या लवेसाठी. ती खरोखरच फिकट पिवळी होती. उजेड मागून आला की कडेकडेने सोनेरीच दिसत होती. भाषेचे अभ्यासक घोड्याच्या या नावाचा संबंध कबुतराच्या मळकट पांढुरक्या रंगाशी जोडतात, पिल्लाच्या लवेशी नव्हे. तरी ज्या कोणी गुराख्याने घोड्याला प्रथम पालोमिनो म्हटले, त्याच्या घरामागेही एखादी ढाबळ असेल आणि त्याने ती पिवळी लव पाहिलेली असेल, असे मानायला मला आवडते.

मागे मागे जाता या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये पोचते. 'पालुम्बेस' म्हणजे रानकबुतर, आणि 'पालुम्बिनुस' म्हणजे रानकबुतराचे, कबुतरासारखे. त्याच्याही मागे, फिकट किंवा करडा अशा अर्थाचा एक प्राचीन धातू अभ्यासक मानतात, आणि आपल्या संस्कृतातला 'पलित', म्हणजे पिकलेले केस, हाही त्याच कुळातला. रंगाला पक्ष्याचे नाव देणे आपल्याला अपरिचित नाही. पारवा रंग म्हटले की मराठी बायकांच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक नऊवारी येते. करड्यात निळ्याची झाक असलेली, दुकानदार पहिल्या घडीत कधी दाखवत नाही अशी, आणि तरीही अंगावर घातली की घरंदाज वाटणारी. पालोमिनो हा मुळात त्या जातीचा शब्द आहे: धुळीचा, राखेचा, पिकल्या केसांचा. त्यात सोने कुठेच नाही.

सोळाव्या-सतराव्या शतकातल्या स्पॅनिश माणसाला या शब्दाने आठवण व्हायची ती जेवणाची. सर्व्हान्तेसची डॉन किहोतेची कथा १६०५ मध्ये छापली गेली, आणि तिच्या पहिल्याच परिच्छेदात पालोमिनो आहे. ला मांचातल्या त्या खालावलेल्या सरदाराच्या ताटात आठवडाभर काय काय पडते याची यादी तिथे दिलेली आहे: मटणापेक्षा गोमांसच जास्त असलेला रस्सा, शुक्रवारी मसूर, आणि रविवारी जोडीला एखादा पालोमिनो. या जेवणातच त्याच्या उत्पन्नाचा तीन चतुर्थांश भाग संपत असे. कॅस्टीलच्या सपाट, झाडाविना पसरलेल्या मुलखात मातीच्या भिंतींच्या ढाबळी होत्या आणि त्यांतली कोवळी पिल्ले ही रविवारची चैन होती. ज्या कथेच्या नायकाने आपल्या हाडकुळ्या घोड्याला भारदस्त नाव शोधण्यात चार दिवस घालवले, त्या कथेत पालोमिनो हा शब्द घोड्यासाठी न येता ताटातल्या पाखरासाठी येतो, याची मला फार गंमत वाटते. (हेरेसच्या शेरी मद्यासाठी लागणाऱ्या पांढऱ्या द्राक्षालाही पालोमिनोच म्हणतात, पण ते नाव एका सरदाराच्या आडनावावरून पडल्याचे सांगतात. त्या वाटेला येथे जात नाही.)

घोड्यांचे रंग सांगायला स्पॅनिश माणसाकडे तेव्हा दुसरे पुष्कळ शब्द होते. १५१९ मध्ये मेक्सिको जिंकायला निघालेला स्पॅनिश सरदार कोर्तेस तिथल्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याच्याबरोबर सोळा घोडे होते. त्या मोहिमेतला शिपाई बेर्नाल दियास देल कास्तियो याने म्हातारपणी जी हकिकत लिहिली, तिच्यात त्याने हे घोडे एकेक करून नोंदवलेले आहेत. कुणाचा, कोणत्या रंगाचा, पळायला कसा. सोबतच्या माणसांची इतकी आपुलकीने ओळख करून दिलेली क्वचितच आढळेल. कोर्तेसचा घोडा गडद तपकिरी, तो लवकरच मेला. त्याचा साथीदार आल्व्हारादो याच्या भागीदारीतली घोडी 'आलासाना', म्हणजे तांबडी, खेळात आणि शर्यतीत उत्तम. एक घोडा 'ओव्हेरो' रंगाचा होता, तो काही चांगला निघाला नाही. आणि एक करडी घोडी होती, जी कोर्तेसने आपल्या एका सरदाराला घेऊन दिली, आणि तिच्यासाठी स्वतःच्या पोशाखावरचे सोन्याचे फास मोजले. या साऱ्या यादीत पालोमिनो नाही. सोने आहे, पण ते एका करड्या घोडीची किंमत म्हणून आहे.

यातला 'आलासान' हा शब्द स्पेनला अरबांकडून मिळाला. तोच अरबी तबेला आपल्याकडेही पोचला होता: मराठी दफ्तरांत आणि शाहिरांच्या तोंडी असलेले 'कुमाईत' आणि 'अबलख' हे शब्द मूळचे अरबीच. म्हणजे एकाच तबेल्यातून काही नावे पश्चिमेकडे निघून अटलांटिक ओलांडून मेक्सिकोत गेली आणि काही पूर्वेकडे येऊन भीमेच्या काठी दाणापाणी करू लागली. त्याही आधी, बाराव्या शतकात, गुजरातेत हेमचंद्राने आपल्या 'अभिधानचिंतामणी' या कोशात घोड्यांच्या रंगांची नावे दिली आहेत: कोकाह, खोङ्गाह, सेराह, वोरुखान. संस्कृत श्लोकात बसवलेले असूनही हे शब्द कानाला संस्कृत लागत नाहीत. समुद्रापलीकडून घोडा आणणारा व्यापारी नावही बरोबर घेऊन येई आणि विकत घेणारा पंडित ते निमूटपणे कोशात घालून ठेवी. अमेरिकेतही हेच झाले. इंग्रजी बोलणारे लोक पश्चिमेकडे सरकत गेले तेव्हा घोडा, फासाची दोरी, खोगीर आणि गुरे राखण्याची सारी रीत त्यांना मेक्सिकन 'वाकेरों'कडून, म्हणजे गुराख्यांकडून, मिळाली. त्याबरोबर फासाच्या दोरीचा 'लासो' हा शब्द आला, गुरांच्या कोंडवाड्याचा 'कोराल' आला आणि रंगही आले: रंगवल्यासारख्या ठिपक्यांचा 'पिंतो', क्रौंच पक्ष्याच्या राखाडी रंगाचा 'ग्रूयो' आणि कबुतरी 'पालोमिनो'. इंग्रजी लिखाणात हा शेवटचा शब्द विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुमारास दिसू लागतो, म्हणजे तसा अगदी अलीकडे.

मुलामा चढला तो यानंतर.

या घोड्यांच्या चाहत्यांमध्ये एक कथा मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. कोलंबसासाठी आपले दागिने गहाण टाकणारी राणी इसाबेला हिच्याकडे असे शंभर सोनेरी घोडे होते. त्यांच्यावर बसण्याचा मान फक्त राजघराण्याला होता. आणि तिने एक नर व पाच माद्या नव्या स्पेनच्या, म्हणजे मेक्सिकोच्या, व्हाइसरॉयला पाठवल्या, ज्यांच्यापासून अमेरिकेतला हा सोनेरी वंश वाढला. कथा गोड आहे आणि तिच्यातला नर व माद्यांचा नेमका आकडा ऐकून ती खरीही वाटू लागते. पण इसाबेला १५०४ मध्ये वारली, कोर्तेस मेक्सिकोला पोचला तो १५१९ मध्ये, आणि मेक्सिकोचा पहिला व्हाइसरॉय नेमला गेला १५३५ मध्ये. राणीने घोडे पाठवायचे म्हटले तरी घ्यायला पलीकडे कुणी नव्हते. काही जण या राणीला चक्क बूर्बाँ घराण्यातली करून टाकतात. त्या नावाची राणी स्पेनला लाभली खरी, परंतु शंभराहून अधिक वर्षांनी. वंशावळीत राजरक्त मिसळल्यावाचून मोठेपण सिद्ध होत नाही ही समजूत माणसांपुरती असती तर सोडून देता आली असती; पण बिचाऱ्या घोड्यालाही तीतून सुटका नसावी, याचा थोडा वैताग येतो.

इसाबेलाचे नाव या रंगाला चिकटले आहे ते मात्र खरे. खुद्द स्पेनमध्ये अशा घोड्याला आजही 'इसाबेलो' म्हणतात आणि युरोपातल्या अनेक भाषांत फिकट पिवळट रंगाला इसाबेला म्हणण्याची पद्धत आहे. का म्हणतात, याचीही एक कथा आहे, आणि ती दागिन्यांच्या कथेपेक्षा बरीच मळकी आहे. नेदरलँड्सच्या कारभारीण इसाबेला क्लारा युहेनिया हिने, ओस्टेंडचा वेढा पडला तेव्हा, शहर हाती येईपर्यंत आतला कपडा बदलणार नाही अशी शपथ घेतली. वेढा १६०१ च्या जुलैत सुरू झाला आणि १६०४ च्या सप्टेंबरात संपला. तीन वर्षांनी तो कपडा ज्या रंगाचा झाला होता, तो इसाबेला रंग! हीच गोष्ट काही जण ग्रानादाच्या वेढ्यावर बेतून जुन्या इसाबेला राणीच्या नावावर खपवतात. दोन्ही खोट्याच असाव्यात, कारण इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीच्या कपड्यांच्या १६०० मधल्या यादीत इसाबेला रंगाच्या साटिनचा झगा नोंदलेला आहे. ओस्टेंडला तोफ डागली जाण्याच्या आधीचे ते साल. परंतु खोटी असली तरी ही कथा मला सोडवत नाही. एकाच सोनेरी घोड्याला स्पॅनिशमध्ये दोन नावे, आणि दोहोंचा माग काढत गेले की माणूस न धुतलेल्या आतल्या कपड्यापाशी येऊन थांबतो. आमच्या शिक्षिकांना हे सांगितले तेव्हा मात्र त्यांनी तोंडावर हात धरला नाही. त्या खळखळून हसल्या.

सोने या शब्दात शिरले ते कॅलिफोर्नियात, आणि तेही १९३० च्या दशकात. पालोमिनो ही घोड्याची जात नव्हे, केवळ रंग आहे. निरनिराळ्या जातींत तो उमटतो. तरीही त्या दशकाच्या मध्यात त्याची स्वतंत्र नोंदणी सुरू झाली आणि १९४१ मध्ये पैदासकारांची आणखी एक संघटना उभी राहिली. नोंदणी म्हटली की माप आले. अंगाचा रंग नव्या कोऱ्या सोन्याच्या नाण्यासारखा असावा, तीन छटा फिकट किंवा तीन छटा गडद चालेल. आयाळ आणि शेपूट पांढरी असावी, गडद केस १५ टक्क्यांहून जास्त नसावेत. हे नाणे अमेरिकेचे. आता गंमत अशी की १९३३ च्या एप्रिलमध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम काढून लोकांजवळची सोन्याची नाणी सरकारजमा करायला लावली आणि चलनासाठी ती पाडणेही त्याच वर्षी बंद झाले. घोडा ज्या नाण्याशी ताडून पाहायचा, ते नाणे खिशातून नुकतेच नाहीसे झाले होते. मंदीने गांजलेला देश, बँका बुडालेल्या, आणि पासाडेनाच्या नववर्षाच्या मिरवणुकीत चांदीने मढवलेल्या खोगिरांखाली हे पिवळे घोडे डौलात चाललेले. तिजोरीत राहिले नव्हते ते सोने रस्त्यातून चालताना पाहायला लोक दुतर्फा उभे राहत असतील, तर त्यात नवल नाही. हा माझा कयास आहे. माप ठरवणाऱ्यांनी असे काही लिहून ठेवलेले नाही.

या सोन्याचे सर्वांत प्रसिद्ध रूप म्हणजे काउबॉय चित्रपटांचा नट रॉय रॉजर्स याचा घोडा ट्रिगर. १९३४ मध्ये जन्मलेल्या या घोड्याचे मूळ नाव 'गोल्डन क्लाउड', सोनेरी ढग. १९३८ च्या रॉबिन हूडच्या रंगीत चित्रपटात ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड याच घोड्यावर बसली होती. पुढे रॉजर्सच्या चित्रपटांतून तो घराघरांत पोचला, आणि पालोमिनो हा शब्द अमेरिकेच्या पोराबाळांना ठाऊक झाला तो बव्हंशी त्याच्यामुळे. परंतु रॉजर्सचे चित्रपट सुरुवातीची कित्येक वर्षे कृष्णधवल होते. पडद्यावर लोकांनी पाहिला तो राखाडी अंगाचा, पांढऱ्या आयाळीचा घोडा. म्हणजे चक्क पारवा. जाहिरातीत सोनेरी म्हटले होते म्हणून प्रेक्षकांना तो सोनेरी दिसला. साठच्या दशकातला दूरचित्रवाणीवरचा बोलका घोडा 'मिस्टर एड' हाही पालोमिनो, आणि तोही कृष्णधवलच. लॅटिनमधून निघालेला रानकबुतराचा रंग दोन हजार वर्षांनी अमेरिकेच्या पडद्यावर जसाच्या तसा उमटला, आणि नेमके तेव्हाच सगळे त्याला सोने म्हणत होते. ट्रिगर १९६५ मध्ये मेला. रॉजर्सने त्याला पुरले नाही. कातडी कमावून, मागच्या दोन पायांवर उभा असा पेंढा भरून ठेवला. २०१० मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात तो २ लाख ६६ हजार ५०० डॉलरला विकला गेला. छायाचित्रांतून पाहिले तर तो अजूनही खूर उचलून उभा आहे, आणि काचेच्या डोळ्यांकडे पाहून मला तरी त्या प्रेमाची थोडी भीतीच वाटते.

जिवंत घोड्याच्या अंगावरचे सोने तितके टिकाऊ नसते. उन्हाळ्यात लखलखणारा पालोमिनो हिवाळ्याचे दाट केस आले की फिकटतो. काही तर इतके उतरतात की लांबून पांढरेच वाटावेत. तीन छटांची मुभा दिलेली असली, तरी एकच घोडा वर्षभरात ती ओलांडून जाऊ शकतो. आणि वंशाचे म्हणाल तर या सोन्याला वारसा नाही. तांबड्या घोड्याच्या, म्हणजे त्या अरबी नावाच्या आलासानच्या, रंगात 'क्रीम' जनुकाची एक प्रत पडली की तांबड्याचे सोने होते आणि आयाळ पांढरी पडते. फ्रेंच संशोधकांनी २००३ मध्ये यामागचा नेमका बदल शोधून काढला. पण एकच प्रत असल्यामुळे ती पुढे जाईलच असे नाही. दोन पालोमिनो एकत्र आणले तर सरासरीने निम्मी शिंगरे सोनेरी, चौथाई साधी तांबडी, आणि उरलेली चौथाई दोन प्रती घेऊन जन्मलेली: हस्तिदंती पांढरट अंग, गुलाबी कातडी, निळे डोळे. यांना 'क्रेमेलो' म्हणतात.

या क्रेमेलोंना अमेरिकेत दीर्घकाळ कुणी दारात उभे केले नाही. त्यांना सूर्यभुरे, म्हणजे अंगात रंगच नसलेले, समजून तो दोष मानला गेला; उन्हाने कातडी भाजेल, डोळे अधू असतील, असे बोलले गेले. तिथली क्वार्टर हॉर्स घोड्यांची मोठी संघटना एकविसावे शतक उजाडेपर्यंत त्यांची नोंद घेत नव्हती. आणि पैदास करणाऱ्या कुणालाही विचारा, खात्रीने पालोमिनोच जन्मावा यासाठी करता येण्याजोगी जोडी एकच आहे: एकीकडे तांबडा, दुसरीकडे क्रेमेलो. त्यांचे प्रत्येक शिंगरू सोनेरी होते, कारण क्रेमेलोकडून एक प्रत यायचीच. जुन्या स्पॅनिशमध्ये अगदी पांढऱ्या, कबुतरासारख्या घोड्याला 'पालोमिया' म्हणत असत. क्रेमेलोसाठी तो शब्द कुणी वापरत नाही, आणि ज्याने प्रथम पालोमिनो म्हटले त्याला जनुकांचा पत्ता असण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही नोंदणीच्या वहीतून वगळलेल्या त्या पांढऱ्या घोडीच्या पोटीच हे पिवळे शिंगरू हटकून निपजते, आणि त्याला कबुतराचे पिल्लू म्हणायला माझी तरी काहीच हरकत नाही.